कोणत्या युद्धातून आलात

आमच्या तालुक्याच्या गावी, सावलीच्या बसस्टँडवर मला सोडायला सोळा माणसं आली होती आणि त्यांतली पंधरा मला जाऊ नको म्हणत होती. युरोपात युद्ध सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. गावातल्या प्रत्येक टीव्हीवर पडक्या इमारती आणि रडणाऱ्या बाया दिसत होत्या. माझी नोकरी जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात होती, युद्धापासून हजारभर मैलांवर, पण शेजारच्या पार्वताबाईंना एवढ्या लांबून ते सगळं एकच वाटत होतं. "तिकडं बाम पडून राह्यले, अन् हे पोरगी तिकडंच चालली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. कंडक्टरलाही सांगून झालं.

मायने वाळवलेल्या झिंग्यांची पुडी चौथ्यांदा बॅगेत खुपसली. मी ती चौथ्यांदा बाहेर काढली. बा तळ्यावरून तसाच आला होता, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी आला आणि म्हणाला, "जाय. भेव तर इथीबी हाये."

तुम्ही जे गावात राहिलात त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे. मी सुखात आहे, हे आधीच सांगून टाकते. परदेशातून आलेलं पत्र म्हटलं की लोक रडायच्या तयारीने बसतात. माझी इथली खोली उबदार आहे, काम मला आवडतं, आणि माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या मला नावाने हाक मारतात, थोडं मोडून का होईना. सांगायचं आहे ते वेगळंच.

येऊन आठवडा झाला असेल. आमच्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख बिर्गिटबाईंनी विचारलं, तू भारतात नेमकी कुठली? वैनगंगेच्या अल्याड आमचं गाव, पल्याड गडचिरोली, असं मी सांगितलं. त्यांना वाघ बघायची फार हौस. मोहर्लीला वाघांच्या जंगलात फिरवायला गाड्या मिळतात म्हटल्यावर त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला. त्यांनी प्रवाशांसाठीच्या सूचना वाचल्या होत्या आणि त्यांत आमच्या बाजूच्या जंगलांत नक्षलवादी आहेत, काळजी घ्या असं लिहिलेलं होतं. "तू तिथे कशी राहिलीस?" त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मला हसू आवरेना. ज्या देशाच्या नावाने माझ्या गावाला घाम फुटला होता, त्या देशातली बाई माझ्या गावाच्या नावाने घाबरत होती. बाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "त्याईले सांग, वाघ थे सूचना नाई वाचत."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण मी नर्स म्हणून गडचिरोलीच्या एका दवाखान्यात तीन वर्षं काढली होती आणि तिथलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. स्फोटात जखमी झालेला एक जवान आणि त्याच स्फोटात सापडलेला एक तेंदूपत्ता तोडणारा माणूस, दोघं एकाच दिवशी आमच्याकडे आले. जवानासाठी मोठी माणसं आली, फुलं आली, कॅमेरे आले. ते यायलाच हवे होते, पोरगं बावीस वर्षांचं होतं. पण पत्ता तोडणाऱ्याची बायको दोन खाटा सोडून बसली होती आणि तिला कोणी पाणीही विचारलं नाही. कॅमेरेवाल्यांनी तिला बाजूला सरकायला सांगितलं, कारण ती चित्रात येत होती. त्यांच्यामागोमाग मीही तिला तेच सांगितलं. आजही लाज वाटते.

जर्मनीत आल्यावर मला हेच सगळं मोठ्या आकारात दिसलं. आमच्या दिवाणखान्यातला टीव्ही दिवसभर चालू असतो. जवळच्या युद्धासाठी इथल्या गावाने झेंडे लावले, चर्चची घंटा वाजवली, नगरपालिकेपुढे मेणबत्त्या लागल्या. मीही एक लावली. मग दुसऱ्या ठिकाणी युद्ध पेटलं, तिसऱ्या ठिकाणी पेटलं. तिथेही माणसंच मरत होती, पण मेणबत्त्यांचं काही कोणाच्या मनात आलं नाही. एका देशातल्या दवाखान्यावर बॉम्ब पडला की मोठ्या देशांचे पुढारी तासाभरात त्याला गुन्हा म्हणत. दुसऱ्या देशातल्या दवाखान्यावर पडला की तेच पुढारी म्हणत, चौकशी होऊ द्या, परिस्थिती गुंतागुंतीची आहे. एकाने दुसऱ्याच्या सीमेत पाऊल टाकलं की तो जगाचा शत्रू, मित्राने टाकलं की तो स्वतःचं रक्षण करतो आहे. मी नर्स आहे. दवाखान्याच्या छताखाली कोण असतं ते मला माहीत आहे, आणि ते दोन्हीकडे सारखंच असतं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण आळीतल्या भांडणात म्हणतो. सूटबूट घातलेली माणसं भल्या मोठ्या टेबलाभोवती बसूनही हेच करतात, हे बघून मला धक्काच बसला होता.

आमच्या क्वार्टरच्या शेजारी एक जुनी शाळा आहे. तिथे युद्धातून पळून आलेली कुटुंबं ठेवली होती. खालच्या मजल्यावरची ओक्साना युक्रेनची. नवरा आघाडीवर, सोबत म्हातारी आई. ती आली आणि महिन्याच्या आत आमच्याकडे कामाला लागली, कारण तिच्या देशाच्या लोकांना लगेच काम करायची मोकळीक होती. वरच्या मजल्यावर हनान, सुदानची. तिकडे तिचं औषधाचं दुकान होतं, ते जळालं. दोन मुलींना घेऊन ती कुठून कुठून फिरत इथे पोचली होती. तिला जेवण मिळत होतं, छप्पर मिळत होतं, पण काम करायची परवानगी नव्हती. तिचा आश्रयाचा अर्ज कुठल्यातरी कपाटात होता आणि तो निघेपर्यंत तिला कधीही दुसऱ्या गावाला हलवता येत होतं. तिची माझी ओळख कांद्यामुळे झाली. कामावरून येताना वरच्या मजल्यावरून कांदा तळल्याचा वास आला आणि माझे पाय आपोआप जिना चढले. त्या दिवशी मी तिच्याकडे जेवले. मग ते नेहमीचंच झालं.

ओक्सानाला जे मिळालं ते मिळायलाच हवं होतं. रोज दुपारी दोन वाजता ती फोनकडे बघत उभी राहायची आणि तो वाजला नाही तर जेवण तसंच टाकून कामाला लागायची, हे मी पाहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की वरच्या मजल्यावर हनानचंही ताट तसंच राहायचं.

माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात गावातल्या एका मंडळाने ठरवलं की युद्धातून आलेल्यांसाठी भाषेचा वर्ग काढायचा आणि सोबत आमच्या वृद्धाश्रमात कामाची तोंडओळख करून द्यायची. बिर्गिटबाई त्या मंडळात होत्या. मी शेजारीच राहते म्हणून शाळेतल्या कुटुंबांची यादी करायचं काम त्यांनी मला दिलं.

आता इथे मी जे केलं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. आम्ही ढिवर. गावतळ्याची मोठी मासेमारी वर्षातून एकदा होते, सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, आणि मग माशांचे वाटे पडतात. वाटे किती घालायचे हे आमच्याकडे कागदावर ठरत नाही. त्या दिवशी सकाळी एक माणूस तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढतो आणि गावात किती चुलींचा धूर निघतो ते मोजतो. जितके धूर तितके वाटे. कोणाकडे पाहुणा वेगळी चूल मांडून राहिला असेल तर त्याचाही. माझा बा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता तेव्हा धूर मोजायला तोच चढायचा आणि मी त्याच्या मागे.

यादी करायला सांगितल्यावर मी स्वयंपाकाच्या वेळी शाळेत गेले आणि खालपासून वरपर्यंत शेगड्या मोजल्या. अकरा निघाल्या. अकरा नावं लिहिली, पुढे घरात माणसं किती ते लिहिलं. देशाचा रकाना मी केलाच नाही, मला तो सुचलाच नाही. कागद बिर्गिटबाईंच्या हातात दिला.

त्यांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग अगदी हळू आवाजात समजावलं की हा वर्ग युद्धातून आलेल्यांसाठी आहे. मी म्हटलं, हो, हे सगळे युद्धातूनच आलेत. त्या म्हणाल्या, हो, पण युद्धातून म्हणजे युद्धातून.

"कोणत्या?" मी विचारलं.

मी काही फार धीट बाई नाही. मला खरोखरच कळलं नव्हतं. पण खोलीत मंडळाची आणखी दोन माणसं होती आणि तिघंही कागदाकडे बघायला लागली. बिर्गिटबाई लालबुंद झाल्या. त्या वाईट नाहीत, हे मी शंभरदा सांगेन. माझी पहिली थंडी त्यांच्याच कोटात गेली. तो प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलाच नव्हता.

ओक्साना मात्र माझ्यावर रागावली. कपडे धुवायच्या खोलीत तिने मला गाठलं. "माझा नवरा खंदकात बसला आहे आणि तू मला अकरांतली एक ओळ केलीस," ती म्हणाली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या आठ दिवसांत मंडळाची दोनदा बैठक झाली आणि शेवटी अकराही नावं राहिली. वर्ग सुरू झाला त्या सोमवारी मी दारातून डोकावले, तर ओक्सानाने शेजारची खुर्ची आपली पर्स ठेवून अडवली होती आणि हनान आल्यावर पर्स उचलली.

माझी कॉलर अशी ताठ झाली की विचारू नका. दुपारच्या सुट्टीत मी बाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, बा ओसरीवर बसून जाळं सांधत होता. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. वर म्हटलं, बा, तुझ्यासारखंच केलं. तुला ती दोन घरं आठवतात ना?

ती दोन घरं मला चांगली आठवत होती. मी सातवीत असेन. नदीपलीकडच्या जंगलातून, दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधून सुटून, दोन गोंड कुटुंबं आमच्या तळ्याच्या पाळीखाली येऊन राहिली होती. कोणत्या गावची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गाव म्हणालं, यांच्यामागे भानगड येईल, यांना जाऊ द्या. त्याच पावसाळ्यात पुराने वेढलेली आमच्या नात्यातली माणसं आली तर त्यांच्यासाठी शाळा उघडली, खिचडीची कढई चढली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही. मासेमारीच्या दिवशी बाने पाळीवरून धूर मोजले आणि वाटे दोन जास्त पडले. लोक ओरडले. तेव्हा बा म्हणाला होता, "मी धूर मोजतो. माणसं नाई मोजत." हे वाक्य मी आयुष्यभर मिरवत आले होते.

बाने हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"त्याईतल्या एका माणसानं मले काय मांगतलं व्हतं, ठाव हाये का तुले?" तो म्हणाला. "मासा नोता मांगतला त्यानं. भाऊ, मले जाळं धरू द्या म्हणे. तुमच्या संग पाण्यात उतरू द्या म्हणे. मी म्हणलो, तू संस्थेचा मेंबर नाई. नियम हाये. मासा देल्ला अन् समजलो, झालं आपलं काम."

मी म्हटलं, बा, तू दिलास तरी. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

"फुकट खाल्ल्यानं मान खाली जाते, पोरी. थो दिवाळीच्या आंधीच निंगून गेला. कुठी गेला, कोणाले ठाव नाई. तुया त्या बाईले काम भेटलं का?"

नाही म्हटलं. वर्ग मिळाला.

"मंग त्यानं काय झालं," बा म्हणाला आणि पुन्हा जाळं सांधायला लागला.

मी फोन ठेवला तेव्हा मला बाचा राग आला होता. इतक्या वर्षांचं माझं वाक्य त्याने स्वतःच्या हाताने मोडून टाकलं. रडू आलं तेही सांगते. बा माझ्या डोळ्यांपुढे पाळीवर उभा होता तो तिथून खाली उतरला, आणि खाली उतरलेला बा मला जास्त आवडला हे कळायला दोन दिवस लागले. हनान वर्गातून परत यायची, मुलींची जेवणं करायची आणि खिडकीत बसायची. दुकान चालवलेली बाई. तिच्या मुलींना तिच्या हातात काहीतरी काम बघायची सवय होती, असं ती मला एकदा म्हणाली होती. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी बिर्गिटबाईंकडे गेले आणि म्हटलं, वर्ग पुरत नाही. तिला माझ्या कामाच्या पाळीत द्या, मी शिकवते. त्या म्हणाल्या, कायदा आहे. मी म्हटलं, कायदा आहे हे माझ्या बालाही माहीत होतं. मग बाची सगळी गोष्ट मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली. तळ्याला काय म्हणायचं ते आठवेना, तेव्हा कागदावर काढून दाखवलं. बिर्गिटबाईंनी तो कागद घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि हनानचे कागद मागितले.

पुढचे आठ महिने सोपे नव्हते. मध्ये एकदा हनानला दुसऱ्या गावी हलवण्याचं पत्र आलं, पाच दिवसांत निघा असं. मुलींनी वह्या पिशवीत भरल्याही होत्या. बिर्गिटबाई स्वतः कचेरीत जाऊन बसल्या आणि ही बाई आम्हाला हवी आहे असं लिहून देऊन आल्या. ओक्सानाने वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली स्वतःची. पत्र मागे घेतलं गेलं आणि आणखी चार महिन्यांनी कामाची परवानगी आली. पहिल्या दिवशी हनानने एका चिडक्या आजोबांच्या लावून ठेवलेल्या गोळ्या नुसत्या बघून त्यांतली एक चूक दाखवली. मी नर्स असून माझ्या नजरेतून ती सुटली होती. ती इतकी खूश झाली की मला माझ्या चुकीचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

जग काही बदललं नाही. टीव्हीवर अजून तेच पुढारी आहेत. एकाच्या मेलेल्या पोरांची नावं वाचून दाखवतात आणि दुसऱ्याच्या पोरांची नुसती गिनती सांगतात. तीही कधीकधी खरी असेलच असं नाही असं म्हणून. मला आता त्याचा धक्का बसत नाही, संताप येतो, आणि संताप आला की मी कामाला लागते. बाला मी सांगितलं की बाईला काम मिळालं. तो "बरं झालं" एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशीच्या फोनवर माय मागून ओरडली की हा सकाळपासून गावभर सांगत फिरून राह्यला.

आता मी वर्षातून एकदा गावी जाते. पार्वताबाई विचारतात, तिकडे बाम पडणं थांबलं का. मी हो म्हणते. तळ्याच्या पाळीवर उभी राहते, बरं वाटतं, आणि तीन आठवडे झाले की इथल्या म्हाताऱ्या आठवायला लागतात. पूर्वी याचं मला अपराधी वाटायचं. दोन्हीकडे पाहुणी झाले की काय, अशी भीती वाटायची. तुमच्यापैकी ज्यांना ही भीती वाटते, त्यांना मागच्याच महिन्यातली एक गोष्ट सांगते.

मला इथे कायमचं राहायचा कागद मिळाला. हनानला अजून दर सहा महिन्यांनी कचेरीत जाऊन मुदत वाढवून घ्यावी लागते. एकच पाळी, एकच काम, एकच पगाराचा दिवस, आणि कागद दोन तऱ्हेचे. ती एकटी गेली की खिडकीपुढे शिकलेलं जर्मन विसरते, म्हणून मी रजा टाकून सोबत जाते. या वेळी खिडकीपलीकडे नवीन बाई होती. आत फक्त घरच्यांनाच येता येतं, असं तिने मला सांगितलं आणि विचारलं, तुम्ही यांच्या कोण? हनान माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सहकारी, शेजारीण, साक्षीदार.

"घरची," मी म्हटलं, आणि तिच्यासोबत आत गेले.